वाघ, दोन पट्ट्या आणि धातूचा घोळ

ब्रिटिश सैन्यातल्या लेस्टरशर रेजिमेंटच्या टोपीवरच्या बिल्ल्यात एक वाघ असे. त्याच्या डोक्यावरच्या पट्टीत ‘हिंदुस्तान’, पायाखालच्या पट्टीत रेजिमेंटचे नाव. १८०४ ते १८२३ या काळात भारतात केलेल्या कामगिरीबद्दल हा मान १८२५ मध्ये १७व्या पायदळ पलटणीला, म्हणजे याच रेजिमेंटला, मिळाला. धातू ओळखण्याचे शिक्षण या एका वाघावर जवळजवळ पुरे होते.

साध्या शिपायाच्या बिल्ल्यात वाघ गिल्डिंग मेटलचा आणि पट्ट्या व्हाइट मेटलच्या. गिल्डिंग मेटल हे पितळेचेच भावंड. पण साधारण आठ भाग तांब्याला एक भाग जस्त, म्हणून त्यावर तांबूस झाक असते. व्हाइट मेटल म्हणजे तांबे, जस्त आणि निकेल. चांदी नावालाही नाही. यालाच जर्मन सिल्व्हर म्हणतात. मराठी घरातली ‘जर्मनची भांडी’ मात्र अॅल्युमिनियमची, तो घोटाळा इथे नको. चांदी आणि सोन्याचा मुलामा अधिकाऱ्यांसाठी. त्यांच्या खाकी गणवेशावर गडद ब्राँझ.

१९५०च्या दशकात चकचकीत, हलके अॅनोडाइज्ड अॅल्युमिनियम आले. रेजिमेंटला ‘रॉयल’ हे बिरुद १९४६ मध्येच मिळाले होते. त्यामुळे ‘रॉयल’ नसलेला अॅल्युमिनियमचा वाघ समोर आला, की तो नकली, तपास तिथेच थांबतो.

बाकीचे बिल्ले तपासताना बिल्ला उलटा धरावा. घासूनपुसून पुढची बाजू कशीही दिसू शकते. दोन धातूंच्या बिल्ल्यात मागे सांधा आणि डाखाची राखाडी रेघ सापडते. एकाच पत्र्यावर मुलामा चढवलेला असेल तर सांधा नसतो आणि अक्षरांच्या झिजलेल्या कडांतून खालचे पिवळे डोकावते.

खरी पंचाईत १९१६च्या बिल्ल्याची. महायुद्धात निकेल वाचवण्यासाठी वाघ आणि पट्ट्या एकाच पितळी पत्र्यातून ठोकल्या गेल्या. इथे सांधा नसणे हीच अस्सलपणाची खूण ठरते, आणि नकलाकारांचे फावते: दुसरा धातू नको, डाखाची मेहनत नको, वर युद्धकाळाचे मोल. जुन्या ठशातून नव्याने काढलेल्या बिल्ल्यात तर धातू बरोबर, नक्षीही बरोबर. खोटे असते ते फक्त वय. तेव्हा टोपीच्या फटीत सरकवायची मागची दांडी पाहावी. वाघाचे पट्टे वर्षानुवर्षांच्या पॉलिशने पुसट झालेले आणि दांडी मात्र करकरीत, डाख ताजा, असा बिल्ला १९१६चा म्हणून घेऊ नये.