रीमॅप म्हणजे नेमकं काय बदलतं?

आताच्या गाडीत पायाखालच्या अ‍ॅक्सिलरेटरला तारेची केबल नसते. पेडलला एक सेन्सर असतो आणि पेडल किती टक्के दाबलं गेलं एवढीच बातमी तो पुढे पाठवतो. ती बातमी जाते बॉनेटखालच्या एका चपट्या डब्याकडे. त्याला ईसीयू म्हणतात. डिझेल किती सोडायचं, केव्हा, किती दाबाने, टर्बोने किती हवा कोंबायची, हे सगळं तो डबा ठरवतो, आणि ठरवताना स्वतःजवळच्या आकड्यांच्या तक्त्यांत बघतो. या तक्त्यांना मॅप म्हणतात. ते बदलणं म्हणजे रीमॅप. शब्द गावोगावच्या गॅरेजांत पोचलाय, पण काय बदललं असं विचारलं की 'पिकअप वाढतो' याच्या पुढे सहसा उत्तर जात नाही. पैसे आपले आणि इंजिनही आपलं, तेव्हा हे समजून घेतलंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

उदाहरणाला आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं इंजिन घेऊ: फियाटचं १.३ मल्टिजेट डिझेल. २००३ मध्ये ते युरोपात आलं. २००७ मध्ये मारुतीने ते स्विफ्टमध्ये बसवलं, पुढे टाटाच्या व्हिस्टात, फियाटच्या लिनियात आणि पुंतोतही ते आलं. पुण्याजवळ रांजणगावलाही ते तयार होत असे. २०२० मध्ये बीएस-६ नियम लागू झाले तेव्हा त्याचा प्रवास थांबला, पण रस्त्यावर ते आजही जागोजागी भेटतं. १२४८ सीसी, चार सिलिंडर, ७५ पीएस ताकद, आणि २००० आरपीएमला १९० न्यूटन मीटर टॉर्क.

आता २००० आरपीएमवर, पेडल पूर्ण दाबलेलं असताना, एका सिलिंडरच्या आत डोकावू. चार स्ट्रोकचं इंजिन, म्हणजे दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. चौघांचे मिळून मिनिटाला ४००० स्फोट, सेकंदाला सदुसष्टच्या आसपास. १९० न्यूटन मीटर टॉर्क मिळवायला दर स्फोटाला साधारण ३८ मिलिग्रॅम डिझेल लागतं, असा हिशेब निघतो. पाण्याचा एक थेंब ५० मिलिग्रॅमचा धरला, तर हे त्याहून कमी. तेही एका दमात जात नाही. मल्टिजेटचं नावच त्यावरून पडलंय: एका स्फोटासाठीचं डिझेल पाचपर्यंत छोट्या फवाऱ्यांत विभागता येतं. आधी चिमूटभर सोडायचं, ते पेटलं की मुख्य फवारा. जुन्या डिझेलचा तो खडखडाट कमी झाला तो यामुळेच. इंजेक्टरमागच्या नळीत, म्हणजे रेलमध्ये, दाब १४०० बार आणि त्याहूनही जास्त, म्हणजे टायरमधल्या हवेच्या सुमारे सहाशे पट. थेंबाहून कमी डिझेल, इतक्या दाबाने, सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात मोजून सोडायचं. हे काम तो डबा वर्षानुवर्षं न चुकता करतो, याचं मला अजून कौतुक वाटतं.

डबा ३८ हा आकडा कुठून काढतो? पहिला तक्ता ड्रायव्हरच्या मागणीचा: एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला पेडलचे टक्के, आणि चौकटीत किती टॉर्क द्यायचा ते. पाढ्यांच्या कोष्टकासारखंच. समजा २००० च्या चौकटीत १९० आहे, २५०० च्या चौकटीत १८०, आणि इंजिन फिरतंय २२५० ने. तर डबा मधला आकडा, १८५, स्वतः काढतो. ही झाली मागणी. ती पुढे दोन पहारेकऱ्यांसमोरून जाते. पहिला टॉर्कच्या मर्यादेचा तक्ता: क्लच आणि गिअरबॉक्स किती सोसतील ते तो बघतो. दुसरा धुराच्या मर्यादेचा: सिलिंडरमध्ये आत्ता हवा किती आहे, तेवढ्या हवेत डिझेल किती जळेल, हे तो बघतो. मागणी आणि या दोन मर्यादा यांतला सगळ्यात लहान आकडा मान्य होतो. मग शेवटचा तक्ता येतो: इतके मिलिग्रॅम, इतका दाब, तर इंजेक्टर इतके मायक्रोसेकंद उघडा ठेव.

चांगला आणि वाईट रीमॅप यांतला फरक इथेच कळतो. चांगलं काम करणारा मागणी, टॉर्कची मर्यादा, धुराची मर्यादा, टर्बोचा बूस्ट आणि रेलचा दाब असे पाच-सहा तक्ते एकमेकांशी जुळवून बदलतो. घाईचं काम करणारा फक्त शेवटच्या तक्त्याला हात लावतो: इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवतो. मग डबा समजतो आपण ३८ मिलिग्रॅम दिले, आणि प्रत्यक्षात जातात ४८. पहारेकऱ्यांना पत्ताच लागत नाही. डॅशबोर्डवरचं अ‍ॅव्हरेज त्याच ३८ वरून मोजलं जातं, म्हणून स्क्रीनवर गाडी छान अ‍ॅव्हरेज दाखवते आणि पंपावर टाकी मात्र लवकर भरावी लागते. रीमॅपनंतर टाकी काठोकाठ भरून किलोमीटरचा हिशेब करा. तो स्क्रीनशी जुळला नाही, तर काम कसं झालंय ते समजा. वायरिंगमध्ये मध्ये बसवायचे छोटे ट्यूनिंग बॉक्स मिळतात, त्यांतले बरेचसे हेच करतात: रेलमधला दाब खरा आहे त्यापेक्षा कमी सांगतात, म्हणजे डबा तो वाढवत राहतो.

ते ४८ मिलिग्रॅम मी उगाच घेतले नाहीत. १९० चे २४० न्यूटन मीटर करायचे तर साधारण तेवढं डिझेल लागेल. आता हवेचा हिशेब. एक ग्रॅम डिझेल पूर्ण जळायला सुमारे साडेचौदा ग्रॅम हवा लागते. पण डिझेल हवेत मिसळायला वेळ इतका थोडा मिळतो की साडेचौदाला धूर निघतोच. सतरा-अठरा पट हवा असली तर धूर आटोक्यात राहतो. अठरा पट धरली तर ३८ मिलिग्रॅमला ६८४ मिलिग्रॅम हवा. हवा तेवढीच ठेवून डिझेल ४८ केलं, तर प्रमाण सव्वाचौदावर येतं. मागच्या गाडीच्या काचेवर काळा ढग येतो तो यामुळे. धूर नको असेल तर हवा सव्वापट हवी, म्हणजे टर्बोला जास्त फिरवायला हवं. टर्बो जास्त फिरला की त्याच्या बेअरिंगवर ताण येतो आणि एक्झॉस्टचा गॅस जास्त तापतो. सॉफ्टवेअरने ताकद हवेतून निर्माण होत नाही. कंपनीने शिल्लक ठेवलेली सवलत आपण खर्च करत असतो.

ती सवलत कंपनी का ठेवते? कारण तीच गाडी मे महिन्यात चंद्रपूरच्या उन्हात चालते आणि लेहच्या विरळ हवेतही चालते. एअर फिल्टर कुणी वेळेवर बदलतं, कुणी दोन वर्षं बदलत नाही. कुठल्या पंपावर डिझेल कसं मिळेल सांगता येत नाही. या सगळ्यांत इंजिन टिकलं पाहिजे, वर प्रदूषणाचे नियमही पाळले पाहिजेत. तुमची गाडी नीट राखलेली असेल तर यातला काही भाग तुम्हाला वापरता येईल हे खरं. पण 'हेच इंजिन दुसऱ्या गाडीत ९० पीएसचं आहे, सॉफ्टवेअरने तुमचंही तसंच करून देतो' असं कुणी म्हणालं, तर ते अर्धं सत्य आहे. ९० पीएसच्या मल्टिजेटला पाती फिरवता येणारा वेगळा टर्बो असतो. ७५ च्या इंजिनाला साधा टर्बो असतो, आणि सॉफ्टवेअर त्याची पाती बदलू शकत नाही.

प्रत्यक्ष काम कसं होतं ते थोडक्यात. बॉशने १९७९ मध्ये बीएमडब्ल्यू ७३२आय गाडीसाठी मोट्रॉनिक आणलं, इंधन आणि ठिणगी दोन्ही सांभाळणारा एकच डबा. त्या काळात तक्ते एका चिपमध्ये असत. ती काढून दुसरी बसवावी लागे, म्हणून चिप ट्यूनिंग हे नाव. आता स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला वायर जोडतात, नाहीतर डबा काढून टेबलावर घेतात, आणि फाइल वाचतात. लॅपटॉपवर दिसतात हजारो आकडे. त्यांतून तक्ते हुडकायचे, बदलायचे. मग चेकसम, म्हणजे सगळ्या आकड्यांची पडताळणीची बेरीज, पुन्हा जुळवायची. ती चुकली तर डबा फाइल नाकारतो. शेवटी नवी फाइल लिहायची. लिहिताना बॅटरीचा व्होल्टेज पडला तर डबा अर्धवट लिहिलेला राहतो आणि गाडी जागेवरून हलत नाही. म्हणून बॅटरीला चार्जर लावल्याशिवाय कुणी फाइल लिहायला बसला, तर त्याला तिथेच थांबवा.

माझ्या एका मित्राच्या स्विफ्टची गोष्ट सांगतो. रीमॅप केला, शहरात गाडी मस्त पळायला लागली. पंधरा दिवसांनी आम्ही चौघं सामानासह साताऱ्याला निघालो. खंबाटकीच्या चढावर चौथ्या गिअरमध्ये त्याने पाय दिला आणि आरपीएमचा काटा सरसर ३००० वर गेला. स्पीडचा काटा मात्र जागच्या जागी. मग तो ओळखीचा जळका वास. गॅरेजमध्ये क्लच प्लेट हातात घेऊन मेस्त्री म्हणाले, "दादा, इंजिनाने दिलं, पण घेणाऱ्याला झेपलं नाही." टॉर्कच्या मर्यादेचा तो पहारेकरी कुणीतरी बिनधास्त वर सरकवला होता. जुन्या क्लचची कुणी चौकशीही केली नव्हती. त्यात दोष मित्राचाही होता, कारण त्यानेही विचारलं नव्हतं.

हे झालं डिझेलचं. बिनटर्बोच्या पेट्रोल गाडीला रीमॅप करण्यात मला अर्थ दिसत नाही. हवा वाढवता येत नाही, त्यामुळे हाती फार थोडं लागतं. टर्बो पेट्रोलला फरक पडतो, पण तिथे ठिणगी लवकर टाकली की नॉकिंगचा, म्हणजे पेट्रोल आपोआप भडकण्याचा, धोका असतो. जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी बनवलेली फाइल घेऊन रोज कमी ऑक्टेनचं पेट्रोल भरणं म्हणजे पिस्टनशी खेळ.

आणि ईजीआर किंवा डीपीएफ हे प्रदूषण कमी करणारे भाग बंद करून देणाऱ्याला सरळ नकार द्या. पीयूसीला डिझेलचा धूर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून मोजतात. घाटात लोडखाली निघणारा काळा धूर तिथे दिसत नाही, तो रस्त्याकडेने चालणाऱ्याच्या छातीत जातो. कायदाही आहेच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडी नोंदणीतल्या तपशिलांपेक्षा वेगळी ठरेल असा बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगीबाहेरच्या बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. वॉरंटीवर आणि विम्याच्या दाव्यावर काय परिणाम होईल तेही आधी विचारा.

एवढं समजून घेऊनही करायचंच ठरवलंत, तर आधी क्लच, टर्बोचे होज आणि इंजेक्टर तपासून घ्या. बूस्ट, रेलचा दाब आणि डिझेलचं प्रमाण यांच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी मागा. आणि गॅरेजमधून निघण्यापूर्वी आपल्या गाडीची मूळ फाइल पेन ड्राइव्हवर घ्या. ती देत नसतील, तर काम करून घेऊ नका.