मोहफुलांपासून मेरीलँडपर्यंत

चामोर्शीला बँकेत अधिकारी होतो. पीककर्जाच्या दिवसांत अंगठा उठवणाऱ्या बापाच्या धोतराआडून एखादे पोर टकमका पाहत असे. मी फक्त बापाचे खाते पाही.

2022 साली भास्कर हलामी यांची हकिकत वाचली आणि ते डोळे आठवले. याच गडचिरोली जिल्ह्यातले, कुरखेडा तालुक्यातले चिरचाडी हे त्यांचे गाव. पावसाळ्यात घरात दाणा नसे, मोहफुले शिजवून दिवस निघत. वडील कसनसूरच्या आश्रमशाळेत स्वयंपाकी झाले आणि मुलाला शाळा मिळाली. मग गडचिरोली, नागपूर, मिशिगनला पीएच.डी. पुढे मेरीलँडमध्ये आरएनए या पेशीतल्या रेणूपासून औषधे करण्याचे संशोधन!

बापाची शिल्लक मी पैशापर्यंत मोजली. पोराला ‘कितवीत आहेस रे?’ एवढेही विचारले नाही.