जीवोत्पत्ती आणि योगायोगाचे गणित

जीवसृष्टी आपोआप निर्माण होणे अशक्य आहे व हे गणितानेच सिद्ध होते, असे पुष्कळदा सांगण्यात येते. वरच्या वर्गांतील विद्यार्थीही मला याविषयी विचारतात. म्हणून या युक्तिवादाची थोडी छाननी करणे उचित होईल.

प्रथिन म्हणजे अ‍ॅमिनो आम्लांची साखळी. सजीवांच्या प्रथिनांत ही आम्ले मुख्यतः २० प्रकारची असतात. १०० मण्यांच्या माळेत प्रत्येक जागी या २० पैकी कोणताही मणी येऊ शकतो असे मानले, तर संभाव्य माळांची संख्या १ वर १३० शून्ये एवढी होते. तीतून नेमकी एक माळ अवचित हाती यावी, ही आशा व्यर्थच होय. फ्रेंच शास्त्रज्ञ लकोंत द न्वी यांनी १९४७ साली अशाच गणिताचा आधार घेतला. जयंत नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल यांनी १९८१ साली चंद्र विक्रमसिंघे यांच्यासह सुमारे २,००० एन्झाइमांचा हिशेब मांडला आणि हा आकडा १ वर ४०,००० शून्ये येथवर नेला.

या गुणाकारात चूक नाही. दोष आहे तो गृहीतांत. एकच विशिष्ट माळ उपयोगी पडते, हे पहिले गृहीत. वस्तुतः सायटोक्रोम-सी हे प्रथिन मनुष्यात व यीस्टमध्ये एकच कार्य करते. परंतु त्याच्या शंभराहून थोड्या अधिक घटकांपैकी सुमारे ४० ठिकाणी भेद आढळतो. २००१ साली कीफ व शोस्टाक यांनी यदृच्छेने बनविलेल्या सुमारे ६ लाख कोटी प्रथिनांतून एटीपी या रेणूला धरून ठेवणारी प्रथिने वेचून काढली. त्यांच्या अनुमानाप्रमाणे अशा प्रथिनांचे प्रमाण दहा हजार कोटींत एक पडते. ते अल्प खरे, पण १३० शून्यांपुढे फारच मोठे.

सर्व काही एकाच फेकीत घडले, हे दुसरे गृहीत. दहा फासे एकदम टाकून दहाही षटके पडण्याचा संभव सुमारे ६ कोटींत एक असतो. मात्र पडलेली षटके बाजूस ठेवून उरलेले फासेच पुन्हा टाकीत गेल्यास सरासरी सोळा-सतरा फेऱ्यांत काम होते. निसर्गापुढे असे ठरीव लक्ष्य नसते, हे खरे. तथापि उपयुक्त ते टिकते व त्यावरच पुढची रचना होते, एवढे या दृष्टांतावरून कळावे.

परंतु येथे एक मर्यादा प्रांजळपणे सांगितली पाहिजे. निवड होण्यासाठी आधी स्वतःची प्रतिकृती करणारे काहीतरी असावे लागते. मिलर यांच्या १९५३ च्या प्रयोगात साध्या वायूंपासून अ‍ॅमिनो आम्ले तयार झाली; १९६९ साली ऑस्ट्रेलियात मर्चिसन येथे पडलेल्या अशनीतही ती सापडली. पण मणी मिळाले म्हणजे माळ झाली, असे नव्हे. पहिली प्रतिकृती कशी झाली, हे कोडे आजही सुटलेले नाही.

ज्या घटनेचा मार्गच ठाऊक नाही, तिचा संभव आकड्यात कसा सांगावा? या शून्यांवरून ईश्वराचे अस्तित्व सिद्ध होत नाही, तसेच ते खोटेही ठरत नाही. श्रद्धावंताने आपली श्रद्धा अशा गणितावर टांगू नये आणि विज्ञाननिष्ठाने उरलेले कोडे झाकू नये. विद्यार्थ्यांना मी हेच सांगतो: आकड्याने दिपून जाण्यापूर्वी तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, ते विचारा.