चेतातंतूंची जोडणी, वाट दाखवणारी प्रथिने आणि संगणकीय अभ्यास

मेंदूच्या उजव्या भागातून हालचालींचे आदेश नेणारे बहुतेक चेतातंतू लंबमज्जेत मध्यरेषा ओलांडून शरीराच्या डाव्या बाजूस जातात व डाव्या भागातले उजव्या बाजूस. ही अदलाबदल गर्भावस्थेत होते आणि वाढत्या तंतूला वाट दाखवण्याचे काम काही प्रथिने करतात. १९९४ साली मार्क टेसिए-लाविन यांच्या गटाने कोंबडीच्या भ्रूणांच्या मेंदूतून असे एक प्रथिन वेगळे केले व त्यास 'नेट्रिन' हे नाव दिले. ते संस्कृत 'नेतृ' म्हणजे नेणारा या शब्दावरून आले आहे. मराठी विद्यार्थ्यास एवढे सांगितले की प्रथिनाचे कार्य निराळे समजावण्याची फारशी गरज उरत नाही.

नेट्रिनची हाक ऐकणारे ग्राहक प्रथिन म्हणजे डीसीसी. त्याच्या जनुकातील दोषामुळे आरसा-हालचालींचा विकार होतो, हे २०१० मध्ये दिसून आले. अशा व्यक्तीने उजव्या हाताने बटण लावू घेतले की डावा हातही नकळत तीच हालचाल करतो. रोबो-३ या दुसऱ्या प्रथिनाचे जनुक दोन्ही पालकांकडून सदोष आले, तर डोळे आडवे फिरत नाहीत आणि पाठीचा कणा वाढत्या वयाबरोबर वाकत जातो. त्याचे जनुक २००४ साली ओळखले गेले.

डीसीसी ही १४४७ अमिनो आम्लांची साखळी आहे. तीत एक आम्ल बदलले तर बिघाड होईल का, याचा अंदाज संगणक मुख्यतः तुलनेने बांधतो. अनेक प्राण्यांत जी जागा कोट्यवधी वर्षे बदललेली नाही, तिथला बदल घातक मानला जातो. २०२३ मध्ये 'अल्फामिसेन्स' या प्रणालीने मानवी प्रथिनांतील अशा सुमारे ७ कोटी १० लाख संभाव्य बदलांचे अंदाज प्रसिद्ध केले.

परंतु साम्यावरून काढलेला निष्कर्ष कुठे फसतो, हे रोबो-३ नेच दाखवून दिले आहे. रोबो कुळातील प्रथिने 'स्लिट' या दूर लोटणाऱ्या प्रथिनाला चिकटतात; सस्तन प्राण्यांतील रोबो-३ मात्र चिकटत नाही, उलट डीसीसीच्या साथीने नेट्रिनकडे ओढ वाढवते. हे २०१४ मध्ये प्रयोगांतून कळले. पहिल्याच खंडातील मोजक्या आम्लांच्या बदलाने कुळाचा धर्म पालटला होता. रूप एक म्हणून गुण एक, असे येथे चालत नाही.

'अल्फाफोल्ड'च्या खुल्या संग्रहात डीसीसीची आकृती वर्गात दाखवता येते. पेशीबाहेरचे घडीदार खंड बहुतांशी निळे, म्हणजे खात्रीचे दिसतात. पेशीतील सुमारे सव्वातीनशे आम्लांचे शेपूट बरेचसे नारिंगी असते. ती आकृती खरी मानू नये. त्या भागाला ठराविक घडीच नसावी, असा तिचा अर्थ घ्यावा. आणि आतल्या यंत्रणेला निरोप पोहोचतो तो याच शेपटातून.

रुग्णाच्या कुटुंबाला हे भेद महत्त्वाचे आहेत. २०१५ च्या अमेरिकी मार्गदर्शक नियमांनी संगणकीय अंदाजास केवळ पूरक पुरावा मानले. २०२२ मध्ये काही प्रणालींना अधिक वजन मिळाले, तरी निव्वळ त्यावर निदान ठरत नाही. शिवाय डीसीसीतील तोच दोष एका भावंडात आरसा-हालचाली घडवतो, तर दुसऱ्याचे हात आयुष्यभर सरळ चालतात. अहवालातला आकडा दोघांचाही तोच असतो.