इन्व्हर्टरची बॅटरी बदलताना : शिसे की लिथियम?

गेल्या चवथीच्या आदल्या रात्री आमच्या गावात माडाची झावळ तारेवर पडली आणि वीज गेली. माटोळी अर्धी बांधून झाली होती. ती टॉर्चच्या उजेडात पुरी करता आली असती, तेवढ्यापुरता प्रश्न नव्हता. आतल्या खोलीत आईचे प्राणवायू देणारे यंत्र, म्हणजे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, इन्व्हर्टरवर चालू होते. चार वर्षांची जुनी १५० एएचची बॅटरी पाऊण तासातच शिटी मारू लागली. डॉक्टरांनी घरी ठेवायला सांगितलेला सिलिंडर होता म्हणून रात्र निभावली. दुसऱ्या दिवशी दुकानदाराने एका वाक्यात उपाय सांगितला : ‘लिथियम घाला, कटकट संपेल.’ ते वाक्य अर्धेच खरे असल्याचे पुढच्या पंधरा दिवसांत आम्हांला कळले.

आपल्या घरांत बहुधा असते ती शिसे-आम्ल बॅटरी. गास्ताँ प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली तिची रचना सिद्ध केली आणि मूळ तत्त्व अजून तेच आहे. शिशाच्या पट्ट्या, सौम्य गंधकाम्ल आणि अधूनमधून घालावे लागणारे डिस्टिल्ड वॉटर. लिथियम या नावाखाली मात्र अनेक रसायने मोडतात. घरगुती इन्व्हर्टरसाठी सध्या विकले जाते ते प्रामुख्याने लिथियम आयर्न फॉस्फेट. जॉन गुडइनफ यांच्या टेक्सास विद्यापीठातील गटाने १९९७ मध्ये त्यावरील संशोधन प्रसिद्ध केले. लिथियम बॅटरीवरील कार्यासाठी गुडइनफ यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. वजन आणि जागा या दोहोंची टंचाई असलेल्या मोटारघरांत आणि शिडाच्या नौकांत परदेशी हौशी मंडळींनी ही बॅटरी आवडीने स्वीकारली. आपल्या मागच्या सोप्यात तिचे आगमन त्यामानाने उशिराचे.

‘एएच’ या आकड्यापाशी ग्राहकाची सर्वाधिक फसगत होते. १२ व्होल्टच्या १५० एएच बॅटरीत कागदोपत्री १८०० वॉट-तास ऊर्जा असते. पण हा आकडा तिच्यातून दहा किंवा वीस तास सावकाश वीज काढली तर मिळतो. भार वाढला की क्षमता घटते. शिवाय शिशाची बॅटरी वारंवार निम्म्याखाली उतरवली तर तिचे आयुष्य झपाट्याने कमी होते. म्हणजे निर्धास्तपणे वापरायला उरतात सुमारे ९०० वॉट-तास. लिथियमची १०० एएचची बॅटरी १२.८ व्होल्टची असते, म्हणजे १२८० वॉट-तास. त्यांतले नव्वद टक्के वापरले तरी तिला फारसे काही होत नाही, म्हणून हाती येतात साधारण ११५० वॉट-तास.

आता आमच्या घरचा हिशेब. आईचे यंत्र सुमारे ३५० वॉट घेते. इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी पंधरा टक्के ऊर्जा वजा केली, तर नवी शिशाची बॅटरी जेमतेम दोन तास चालेल आणि लिथियमची पावणेतीन तास. फरक आहे, पण ‘कटकट संपेल’ म्हणण्याइतका नाही. रात्रभराची हमी हवी असेल तर एक लिथियम बॅटरीही पुरत नाही. आणि श्वासाचे यंत्र असलेल्या घराने सिलिंडर कधीच परत करू नये.

लिथियमचा खरा लाभ दिसतो तो वीज परत आल्यावर. शिशाची बॅटरी शेवटचे वीस टक्के फार हळू भरते आणि पूर्ण भरायला दहा-बारा तास घेते. पावसाळ्यात वीज दोन तास येते आणि पुन्हा जाते. अशा वेळी ती अर्धपोटीच राहते, आणि अर्धवट भरलेल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण थर साचतात. आमची बॅटरी चार वर्षांत म्हातारी झाली याचे एक कारण हेच असावे. लिथियमच्या बॅटरीला अर्धवट राहण्याचे वावडे नाही आणि ती जवळजवळ शेवटपर्यंत त्याच वेगाने भरते. मात्र इन्व्हर्टरचा चार्जर १५ अँपिअरचाच असेल तर ९० एएच भरायला सहा तास लागणारच. नळ बारीक असला तर हंडा कितीही चांगला असून काय उपयोग?

जुना इन्व्हर्टर तसाच ठेवून फक्त बॅटरी बदलता येते का? दुकानदार ‘हो’ म्हणेल. आधी दोन गोष्टी तपासून घ्याव्यात. लिथियमच्या प्रत्येक बॅटरीत बीएमएस नावाचे नियंत्रक मंडल असते. दाब, प्रवाह किंवा तापमान मर्यादेबाहेर गेले की ते बॅटरी तोडून टाकते. चार सेलच्या बॅटरीसाठी दाबाची वरची मर्यादा साधारण १४.६ व्होल्ट. ट्युब्युलर बॅटरीसाठी बनवलेले काही इन्व्हर्टर चार्ज करताना त्याही वर जातात, मग बीएमएस वरचेवर तोडत राहते. दुसरी गोष्ट अधिक त्रासाची. शिशाच्या बॅटरीचा दाब हळूहळू उतरतो, त्यावरून इन्व्हर्टर ‘किती उरली’ ते सांगतो. लिथियमचा दाब बहुतेक वेळ १३ व्होल्टच्या आसपास स्थिर राहतो आणि अखेरीस एकदम कोसळतो. त्यामुळे पट्टीवर बॅटरी भरलेली दिसत असते आणि शिटी वाजते तेव्हा हातात काही मिनिटेच असतात. घरात आजारी माणूस असेल तर हा दोष क्षुल्लक मानता येणार नाही. लिथियमची वेगळी सेटिंग असलेला, शुद्ध साइन वेव्ह देणारा इन्व्हर्टर घ्यावा हेच बरे. जुनी शिशाची आणि नवी लिथियमची बॅटरी समांतर जोडण्याचा ‘काटकसरीचा’ सल्ला तर कोणीही दिला तरी ऐकू नये.

आगीची भीती अनेकांना वाटते. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात विजेच्या स्कूटर पेटल्याच्या बातम्या आम्हीही छापल्या होत्या. लिथियम आयर्न फॉस्फेटमध्ये प्राणवायू फॉस्फेटशी घट्ट बांधलेला असतो, त्यामुळे निकेल-कोबाल्टच्या रसायनांपेक्षा ते जास्त तापमान सोसते. म्हणून ते अदाह्य ठरत नाही. निकृष्ट सेल, सैल जोडणी किंवा बारीक वायर असेल तर धोका आहेच. १२ व्होल्टवर ८०० वॉटचा भार म्हणजे ७० ते ८० अँपिअर प्रवाह, त्याला पंख्याची वायर चालत नाही. शिशाची बॅटरीही निर्धोक नाही. भरताना ती हायड्रोजन सोडते, म्हणून तिला बंद कपाटात ठेवू नये. उष्णता दोघींनाही मारक. शिशाच्या बॅटरीबाबतचा ठोकताळा असा, की दर दहा अंशांमागे आयुष्य निम्मे होते. चुलीवरच्या माळ्यावर बॅटरी ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

लिथियमला शिशाच्या दुप्पट किंवा त्याहून अधिक पैसे मोजावे लागतात. वर्षातून दहा-बारा वेळाच वीज जात असेल तर ते वसूल होणे कठीण, तिथे चांगली ट्युब्युलर बॅटरी आणि वेळेवर घातलेले पाणी पुरेसे आहे. रोज तासन्‌तास वीज जात असेल किंवा घरातील वृद्धांना साठ किलोचे धूड हलवून पाणी घालणे जमत नसेल, तर हिशेब लिथियमच्या बाजूने झुकतो. आम्ही अखेर १०० एएचच्या दोन लिथियम बॅटऱ्या आणि नवा इन्व्हर्टर घेतला. दर शनिवारी मेन स्विच बंद करून आईचे यंत्र किती चालते ते बाबा वहीत मांडून ठेवतात.

जुनी बॅटरी दुकानदाराने वजन करून परत घेतली. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि शिशाला भंगारात भावही चांगला मिळतो. आमच्या वाड्यावर एकाने भाव पटला नाही म्हणून बॅटरीतले आम्ल मागच्या व्हाळात ओतले. त्याच व्हाळाच्या काठी त्याची स्वतःची विहीर आहे.