अजिंठ्याच्या भिंतीवरील नर्तकीचा वेष

छत्रपती संभाजीनगरापासून सुमारे 100 किलोमीटरवर, वाघूर नदीच्या दरीतील अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात, महाजनक जातकाच्या चित्रात राजाचे मन रमवू पाहणारी जी नर्तकी, लांब बाह्यांचा अंगरखा, पट्ट्यापट्ट्यांचे वस्त्र आणि केशपाशात फुले अशा थाटात, बासरी, झांजा व मृदंग वाजविणाऱ्या स्त्रियांच्या ताफ्यात उभी आहे, ती पाचव्या शतकाच्या आगेमागेची आहे. सतराव्या लेण्यातील विश्वंतर जातकात तर भरला बाजारच दिसतो. त्या काळच्या मुलखाचे इतके चोख दप्तर अन्यत्र विरळाच.

या चित्रांच्या नकला मेजर रॉबर्ट गिल यांनी 1844 पासून कित्येक वर्षे खपून केल्या, त्या बहुतेक 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. पुढे मुंबईच्या कलाशाळेतील शिक्षक ग्रिफिथ्स व त्यांच्या विद्यार्थ्यांनी केलेल्यांपैकीही अनेक 1885 च्या आगीत गेल्या. नकला विलायतेत भस्मसात व्हाव्यात आणि जीर्ण मूळ मात्र टिकावे, हा दैवाचा विनोदच म्हणावा! पुढे निजाम सरकारच्या पुराणवस्तु खात्याने इटालियन कारागीर आणवून सुटू पाहणारा गिलावा पक्का करविला.

लेणी सोमवारी बंद असतात.