कौलांवरची तार

अमझेऱ्याला मावशीच्या घराच्या कौलांवर दोन बांबू उभे होते. एक स्वयंपाकघराच्या अंगाला, दुसरा रस्त्याच्या. दोघांच्या मध्ये ताणलेली तांब्याच्या विणलेल्या जाळीची चपटी पट्टी, दोन्ही टोकांना चिनीमातीचे अंड्याएवढे इन्सुलेटर, आणि एका टोकापासून खिडकीतून आत उतरलेली वायर. तिला सगळे ‘एरियल’ म्हणत. मावशीचे यजमान, म्हणजे काका, तिथल्या शाळेत मास्तर होते. मे महिन्याच्या सुट्टीत मी धारहून जायचो तेव्हा संध्याकाळचं काम ठरलेलं असे. काका कौलांवर, मी खाली रेडिओपाशी. वरून हाक यायची, “बघ रे, वाढलं का?” आणि मी रेडिओवरच्या, स्टेशनचा जोर दाखवणाऱ्या हिरव्या डोळ्याकडे, त्या मॅजिक आयकडे बघून ओरडून सांगायचो.

धारच्या पश्चिमेला, विंध्याच्या माथ्यावर वसलेलं हे गाव. रुक्मिणीहरण इथंच झालं, असं इथली माणसं अमका-झमका देवीच्या देवळाकडे बोट दाखवून सांगतात. सत्तावन्नच्या उठावात इथले राजे बख्तावरसिंह लढले, १० फेब्रुवारी १८५८ ला इंदूरला फासावर गेले, आणि संस्थान शिंद्यांकडे आलं. शेजारी धार आणि देवास तर पवारांचीच. त्यामुळे या भागात कारकुनी, वकिली, मास्तरकी करणारी मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या राहिली. त्या घरांत मराठी ऐकायची म्हणजे मुंबई-पुणे लागायला हवं, आणि ते लागायला कौलांवर तार हवी.

आकाशवाणी इंदूर १९५५ साली मालवा हाउसमधून सुरू झालं. अमझेऱ्यापासून इंदूर सरळ रेषेत पाऊणशे किलोमीटर. ते विनासायास लागायचं. खरी मेहनत लांबच्या स्टेशनांसाठी, आणि त्यातही रेडिओ सिलोनसाठी.

काकांनी मला पहिला धडा दिला तो रेडिओच्या डायलवर. शॉर्टवेव्हच्या पट्ट्यांवर २५, ३१, ४१, ४९ असे आकडे छापलेले असत. हे स्टेशनांचे क्रमांक असावेत अशी माझी समजूत होती. काकांनी सांगितलं की ही मापं आहेत, खरीखुरी मीटरमधली. २५ च्या पट्टीवर जी लहर येते तिची लांबी पंचवीस मीटर असते. तिच्या निम्म्या लांबीची, म्हणजे साडेबारा मीटरची तार त्या लहरीला सहज साद देते, जशी तंबोऱ्याची तार तिच्या सुराला देते. प्रत्यक्षात तार थोडी आखूड, शेकडा पाचने कमी, कापावी लागते. काकांचं एरियल चाळीस फूट होतं, म्हणजे बारा मीटर. सिलोनच्या २५ मीटरसाठी नेमकं. उलट इंदूरच्या ६४८ किलोहर्ट्झची लहर ४६३ मीटर लांब. तिच्या चौथाईला तार लावायची तरी ११६ मीटर लागली असती, म्हणजे एरियल गावाच्या निम्म्या गल्ल्यांवरून गेलं असतं. त्याची गरजही नव्हती. जवळच्या जोरदार स्टेशनला हातभर वायरही पुरते.

मग धातू कोणता? घरी अँटेना करू बघणारा प्रत्येकजण हा प्रश्न सगळ्यात आधी विचारतो. तो सगळ्यात शेवटी यायला हवा, असं मी इतक्या वर्षांनी ठामपणे सांगेन.

तांबं उत्तम वाहक. अॅल्युमिनियम त्याच्या साधारण साठ टक्के, पितळ पंचवीस-तीस टक्के, लोखंड सतरा-अठरा, आणि स्टेनलेस स्टील अवघं दोन-अडीच टक्के. हे आकडे वाचले की माणूस तांब्यामागे धावतो. पण हिशेब करून बघा. ४० मीटर पट्टीसाठी वीस मीटर लांबीची, दीड-पावणेदोन मिलिमीटर जाडीची तार मधोमध तोडून टांगली, तर लहरीत रूपांतर होणाऱ्या शक्तीचा हिस्सा सुमारे ७३ ओहमच्या रोधासारखा वागतो. धातूत उष्णता होऊन वाया जाणारा हिस्सा तांब्यासाठी दीड ओहमच्या आत, अॅल्युमिनियमसाठी पावणेदोन, आणि इतक्या बदनाम स्टेनलेससाठीही नऊच्या आसपास. म्हणजे सर्वांत वाईट तारेतूनही दहातले नऊ भाग कामी लागतात. कानाला हा फरक कळत नाही.

ऐकण्याच्या बाबतीत तर आणखी एक सवलत आहे. शॉर्टवेव्हच्या खालच्या पट्ट्यांवर आणि मीडियम वेव्हवर जी खरखर ऐकू येते ती बहुतेक आकाशातून, दूरच्या विजांमधून आणि शेजारच्या विजेच्या उपकरणांमधून येते. गाणं आणि खरखर एकाच तारेवरून उतरतात. तार जरा कमअस्सल असली तर दोन्ही सारखीच घटतात, आणि रेडिओचा आवाज थोडा वाढवला की पहिल्यासारखंच ऐकू येतं. तारेला सोन्याचा मुलामा दिला तरी खरखर गाण्यापासून वेगळी होणार नाही. ती वेगळी होते तार विजेच्या खांबांपासून, ट्यूबलाइटपासून दूर नेली की, आणि उंच नेली की. म्हणून बांबू महत्त्वाचा.

लहरींचा प्रवाह तारेच्या पोटातून जात नाही, कातडीवरून जातो. १०० मेगाहर्ट्झला, म्हणजे एफएमच्या पट्टीत, तांब्यात तो एका मिलिमीटरच्या दीडशेव्या भागाइतक्या थरात वाहतो. त्यामुळे पोकळ नळी भरीव कांबीइतकंच काम करते. कपडे वाळत घालायची जस्ताचा मुलामा दिलेली तार घ्या. वरच्या पट्ट्यांवर प्रवाह बहुतेक त्या मुलाम्यातूनच जातो, आतल्या लोखंडाला त्याची फारशी खबर लागत नाही. अँटेनेच्या दृष्टीनं ती जस्ताचीच तार असते. मीडियम वेव्हवर मात्र प्रवाह मुलाम्याच्या खाली लोखंडापर्यंत पोचतो, आणि लोखंडाचं चुंबकत्व तिथं थोडी किंमत वसूल करतं. ऐकण्यापुरती ती द्यायला हरकत नाही.

तेव्हा तांब्यासाठी अडून बसू नये. माळव्यात शेताशेतात पंप, आणि गावोगावी मोटर रिवाइंडिंगची दुकानं. जळालेल्या मोटरमधून निघालेली तांब्याची तार भंगारच्या भावात मिळते. तिच्यावरचा लाखेसारखा लेप लहरींना अडवत नाही. उलट पावसापासून जपतो. फक्त जोडायच्या टोकाशी ब्लेडनं खरवडून तांबं लख्ख दिसेपर्यंत तो काढावा लागतो. दोष एकच. ती मऊ असते, ताणली की लांबते. दोन पदर पिळून घेतले तर बरी टिकते. लांब पल्ल्यासाठी आत पोलाद आणि वर तांबं असलेली तार सर्वांत चांगली, कारण ताकद पोटात आणि वाहकता कातडीवर, जिथं ज्याची गरज तिथं ते.

दूरदर्शनच्या काळात प्रत्येक घरावर अॅल्युमिनियमच्या नळ्यांचा जो सांगाडा होता, तो १९२६ साली जपानच्या तोहोकू विद्यापीठात यागी आणि उदा यांनी शोधलेल्या रचनेचा वंशज. आज ते सांगाडे भंगारात पडतात. त्या नळ्या विकत घ्या. एफएमसाठी प्रत्येकी सत्तर सेंटीमीटरचे दोन तुकडे लाकडाच्या पट्टीवर समोरासमोर बसवले की अँटेना तयार. नळ्या नसतील तर छत्रीच्या काड्या, पितळी पडदादांडी, काहीही चालतं. परदेशी हौशी मंडळी तर शिंप्याच्या नव्हे, सुताराच्या पोलादी मापपट्टीचे तुकडे कापून यागी करतात. झुडपात अडकली की पट्टी वाकते आणि परत सरळ होते. रंग खरवडला की तिच्यावर कथलाचा डाखही बसतो.

आता सांध्याकडे येतो, कारण बिघाड तिथं होतो.

एका वर्षी वादळात काकांची जाळी तुटली. गावात तेव्हा तांब्याची तार मिळेना, म्हणून त्यांनी मधे हातभर अॅल्युमिनियमची तार घालून दोन्ही टोकांना पक्के पीळ दिले. उन्हाळाभर सिलोन झकास लागलं. गणपतीपर्यंत आवाज खाली-वर होऊ लागला, वारा आला की कडकड ऐकू यायची. दिवाळीत गेलो तर रेडिओ जवळजवळ मुका. काकांनी तार उतरवून पीळ सोडला. अॅल्युमिनियमचं टोक पांढऱ्या पिठासारखं झालं होतं आणि बोटाला लागून गळून पडलं.

दोन भिन्न धातू चिकटले आणि मधे पावसाचं पाणी शिरलं की त्यांची बॅटरी होते. त्या जोडीत अॅल्युमिनियम झिजतं, तांबं वाचतं. शिवाय अॅल्युमिनियमवर हवेनं लगेच जो अदृश्य थर चढतो तो वीज वाहू देत नाही, म्हणून नुसता पीळ भरवशाचा नसतो आणि साधा डाखही त्यावर धरत नाही. तांब्यालाही पितळी भांड्यासारखा कळंक चढतो. तारेच्या अंगावर हिरवा कळंक आला तर बिघडत नाही, सांध्यात शिरला तर बिघडतं. गंजलेला सांधा नुसता अडथळा राहत नाही. तो एका दिशेनं जास्त वाहू लागतो, कच्च्या डायोडसारखा, आणि जोरदार स्टेशन जवळ असेल तर नसत्या ठिकाणी त्याचे भूत-आवाज ऐकू येतात. म्हणून तांब्याला तांबंच जोडावं, वर डाख द्यावा. अॅल्युमिनियम असेल तर ते घासून स्टेनलेसच्या बोल्टनं आणि कथलाचा हात दिलेल्या टोकानं जोडावं, वर ग्रीस लावून टेप गुंडाळावी. हे वीस मिनिटांचं काम आहे, आणि शंभर रुपयांच्या जादा तांब्यापेक्षा त्याचा उपयोग मोठा.

धातूची निवड खरोखर निर्णायक ठरते ती फार लहान अँटेनेत, जेव्हा तिच्यातून प्रक्षेपण करायचं असतं. त्यासाठी परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना घ्यावा लागतो. एक मीटर व्यासाचं कडं करून ७ मेगाहर्ट्झवर बोलायचं म्हटलं, तर कामी येणारा रोध एका ओहमच्या सहा हजारांशाइतका. इंचभर जाड तांब्याच्या नळीतलं नुकसानच त्याच्या पाचपट. तिथं नळी जाड हवी, तांब्याचीच हवी, आणि सांधा एकही कच्चा चालत नाही.

थाळीसारख्या अँटेनेचा नियम आणखी उदार आहे. लहर भोकांपेक्षा पुष्कळ मोठी असेल तर जाळी तिला भरीव पत्र्यासारखीच वाटते. भोक लहरीच्या दहाव्या भागाहून लहान ठेवायचं, एवढंच. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर इस्रोनं सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत उपग्रहावरून थेट दूरचित्रवाणी दाखवली. एकनाथ चिटणीस या प्रयोगाच्या अग्रभागी होते. त्या खेड्यांतली दहा फुटी थाळी कशाची होती? कोंबड्यांच्या खुराड्याच्या जाळीची. उपग्रहाची लहर ३५ सेंटीमीटरची, तिला ती जाळी आरशासारखी होती. आमच्या मध्य प्रदेशातली खेडी तेव्हा छत्तीसगडकडची निवडली गेली. काकांनी त्याची बातमी कात्रण करून ठेवली होती.

आणि जुन्नर तालुक्यातल्या खोडदला जाऊन बघा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या तीस थाळ्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाची. त्यांचा पृष्ठभाग अर्ध्या मिलिमीटरहून जरा जाड अशा स्टेनलेस तारांच्या जाळीचा आहे. वरच्या यादीत वाहकतेत सर्वांत मागचा धातू, आणि त्यावर आकाशगंगेबाहेरून येणाऱ्या क्षीण लहरी झेलल्या जातात. कारण स्टेनलेस गंजत नाही, ताण सहन करतं, आणि जाळीतून वारा निघून जातो. भोकं दहा ते वीस मिलिमीटरची, झेलायची सर्वांत आखूड लहर २१ सेंटीमीटरची. एवढ्या मोठ्या थाळीचा पत्रा वाऱ्यात उभा ठेवायला किती लोखंड लागलं असतं, याचा विचार त्यांनी आधी केला. वाहकतेचा तक्ता नंतर उघडला.

धातूची आणखी एक गोष्ट जमिनीत असते. काकांनी मोरीच्या पाण्याजवळ खड्डा करून तांब्याचा पत्रा कोळसा-मिठात पुरला होता. अर्थिंग. माळव्याची काळी माती ओली असताना वीज छान वाहून नेते, पण मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पत्रा कोरड्या कोनाड्यात बसल्यासारखा होतो. मीडियम वेव्हची स्टेशनं मग मलूल होत. मावशी रोज संध्याकाळी धुण्याची बादली तिथंच ओतायची. आधी तुळस, मग अर्थ. खिडकीशी एक चाकूसारखा स्विच होता. ढग आले, की रेडिओ बंद करून एरियल सरळ जमिनीला जोडायचं. हा नियम घरात कुणीही मोडत नसे. आजही कुणी तार बांधणार असेल तर तिचा विजेच्या तारेवर पडण्याचा संभव कुठूनही राहू नये, आणि पावसाळ्याआधी असा स्विच बसवावा.

मागच्या वर्षी ते घर रिकामं करायला गेलो. एक बांबू कुजून पडला होता. दुसऱ्याला अजून जाळी लोंबत होती, पूर्ण हिरवी. मी चिनीमातीची दोन्ही अंडी धुऊन घेतली आणि जाळीचा एक वीतभर तुकडा घरी आणून कापून पाहिला. वरचा कळंक नखानं निघाला. आत तांबं लालच होतं. दोन टोकं घासली, नवा पदर जोडला, डाख दिला, आणि इथं गच्चीवर त्याच लांबीची, बारा मीटरची तार बांधली. तो वीतभर जुना तुकडा तिच्या मधोमध आहे. संध्याकाळ झाली की २५ च्या पट्टीपासून सुरुवात करतो.